डब्याच्या पिशवीतली स्ट्रिप

काका, सप्रेम नमस्कार.

वय ३६. भांडुपला राहतो, दादरच्या एका पतसंस्थेत वसुलीचं काम बघतो. लग्नाला चार वर्षं झाली. दिवाळीपासून आम्ही मुलासाठी प्रयत्न करतोय. जूनपासून माझं काही खरं नाही. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते ती येतेच. लोकल गाडीत चढताना छातीत धडधडतं. ईसीजी काढला, नॉर्मल निघाला. कामात बेरजा चुकतात. बायकोवर विनाकारण ओरडतो, परवा भरलं ताट सरकवून उठलो. कधी कधी वाटतं, आपण नसतो तर सगळेच सुटले असते. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. सकाळी एस्सिटालोप्राम ही नैराश्याची गोळी, आठवडाभर ५ मिलिग्रॅम आणि मग १०. रात्री क्लोनाझेपाम, फक्त पंधरा दिवस. झोपेची गोळी मी घेतो, तिने झोप लागते. संपल्यावर ओळखीच्या मेडिकलमधून आणखी एक स्ट्रिप आणली. दुसरी मात्र एकोणीस दिवस डब्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात तशीच पडून आहे. गाडीतल्या ग्रुपमधला एक जण म्हणाला, ‘ती चालू केलीस की मर्दानगी संपली म्हणून समज, आणि एकदा लागली की सुटत नाही.’ वडील म्हणतात, मन खंबीर कर. बायकोला यातलं काहीच ठाऊक नाही. शनिवारी मित्रांबरोबर एखादी क्वार्टर होते. कंबर धरते म्हणून अधूनमधून पेनकिलर घेतो. आईच्या धाकट्या भावाला, माझ्या मामांना, घरात ‘वेडे’ म्हणायचे, पण तो विषय वेगळा. मला एवढंच सांगा, ही गोळी घेऊ की नको?

– नाव छापू नका. भांडुप.

प्रिय भांडुपकर,

‘आपण नसतो तर सगळेच सुटले असते.’ हे वाक्य तुम्ही ताट आणि डॉक्टर यांच्या मध्ये लिहून पुढे गेलात. मला पुढे जाता आलं नाही, म्हणून आधी तेवढंच बोलू. हा विचार येतो आणि जातो, की आला की बसूनच राहतो? नुसतं ‘नसतो तर’ एवढंच वाटतं, की काही करून टाकावं असंही मनात येतं? बसून राहत असेल तर हे वाचणं इथेच थांबवा आणि १४४१६ लावा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आधाराची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि काही करून टाकावं असं मनात येत असेल तर फोनवरही थांबू नका. बायकोला उठवा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा, रात्रीचे कितीही वाजलेले असोत. २०२२ साली आपल्या देशात १ लाख ७० हजारांहून जास्त माणसांनी आत्महत्या केली अशी सरकारी नोंद आहे, आणि त्यात दर दहांमागे सात पुरुष होते. ‘मन खंबीर कर’ हे त्यांतल्या कितीतरी जणांनी ऐकलेलं असणार.

आता तुमचा प्रश्न.

मी डॉक्टर नाही. परळला एकतीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभा राहिलो, त्यामुळे ही गोळी घ्यायला येणारा पुरुष मला लांबून ओळखू येतो. तो दुकानात गर्दी असताना येत नाही. समोरच्या पानाच्या टपरीशी उभा राहतो, शेवटचं गिऱ्हाईक उतरलं की येतो, चिठ्ठी घडी करूनच पुढे सरकवतो. स्ट्रिप हातात पडली की पहिल्यांदा ती उलटी करतो, नाव खाली आणि चांदी वर. पिशवी मागतो. आणि वळता वळता, जणू आत्ताच आठवलं अशा आवाजात विचारतो, ‘याने बाकी काही... म्हणजे घरी काही प्रॉब्लेम तर नाही ना होत?’ एकतीस वर्षांत या प्रश्नाचे शब्द बदलले, आवाज तोच राहिला. हा प्रश्न त्याने डॉक्टरांना विचारलेला नसतो. तिथे आत सात-आठ मिनिटं मिळतात, त्यांतली पाच झोप, भूक, कामात लक्ष यांत जातात, आणि जे खरं घशाशी आलेलं असतं ते तसंच गिळून माणूस बाहेर येतो. मग त्याचं उत्तर गाडीतला ग्रुप देतो.

तुम्ही मला घेऊ की नको असं विचारलंत. माझं उत्तर असं: बहुतेक घ्यावी लागेल, पण आज सुरू करू नका. आधी डॉक्टरांना फोन करून दोन-तीन दिवसांतली वेळ घ्या, कारण जे तुम्ही मला लिहिलंत त्यातलं निम्मं तुम्ही त्यांना सांगितलेलं दिसत नाही. त्यातली एक गोष्ट तर अशी आहे की तिच्यावर औषधच बदलू शकतं.

ती गोष्ट म्हणजे मामा.

‘तो विषय वेगळा’ असं तुम्ही लिहिलंत. तो वेगळा नाही. आज संध्याकाळी आईजवळ बसा आणि मामा नेमके कसे होते ते विचारा. नुसते गप्प, घुमे, कोपऱ्यात बसणारे होते? की काही दिवस असे असायचे की रात्र रात्र झोप नाही तरी थकवा नाही, बोलणं भराभर, नवनव्या धंद्याच्या गोष्टी, उधारीवर मोठमोठी खरेदी, आणि मग काही महिने अंथरुणातून उठणं नाही? दुसरा प्रकार असेल तर तो बायपोलर आजार असू शकतो, आणि तो रक्ताच्या नात्यात उतरतो. उतरतोच असं नाही, पण शक्यता वाढते. नैराश्याची गोळी एकटीच अशा माणसाला दिली तर काहींच्या बाबतीत मन वर येण्याऐवजी पार वर उडतं. झोप जाते, राग आणि हुरूप दोन्ही आवरत नाहीत. म्हणून अशी शंका असली की डॉक्टर आधी मनाचा चढ-उतार सांभाळणारं औषध देतात, किंवा सगळी आखणीच वेगळी करतात. तुमचंही आठवून बघा. कॉलेजात असताना, नोकरीच्या सुरुवातीला, कधी चार-पाच दिवस जेमतेम दोन-तीन तास झोपूनही जग जिंकल्यासारखं वाटत होतं का? हेही सांगा. घरातल्या ‘वेड्या’ माणसाचं नाव तपासणीच्या खोलीत काढायला लाज वाटते, मला कळतं. पण त्या माणसाच्या आजाराला त्या काळी कोणी नाव दिलं नाही, एवढीच त्याची चूक.

आता जे तुमच्या लक्षातही आलेलं नाही ते. ‘एकदा लागली की सुटत नाही’ या भीतीने तुम्ही एस्सिटालोप्राम कप्प्यात ठेवलीत आणि क्लोनाझेपाम मात्र रोज घेताय, वर दुसरी स्ट्रिपही आणलीत. भांडुपकर, सवय लागते ती याच गोळीची. म्हणूनच डॉक्टरांनी तिच्यापुढे पंधरा दिवस असं लिहिलं. थोडे दिवस ती फार उपयोगी आहे, दुसऱ्या गोळीचा गुण येईपर्यंत हात धरते. पुढे मात्र तीच झोप यायला जास्त गोळी लागू लागते, दिवसा डोकं जड राहतं, आणि एकदम सोडली तर झोप आणि धडधड दोन्ही दुप्पट होऊन परत येतात. क्वचित फिटही येऊ शकते. ज्याने तुम्हाला चिठ्ठीशिवाय स्ट्रिप दिली तो माझ्याच धंद्यातला आहे आणि त्याचा मला राग येतो. हे औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असा कायदा आहे, तो उगाच केलेला नाही. तुम्ही मात्र घाबरून आज रात्रीच बंद करू नका. किती दिवस झाले ते खरं सांगा, डॉक्टर कमी कसं करायचं ते पावलापावलाने सांगतील. तोवर ती स्ट्रिप बायकोच्या ताब्यात ठेवा, रोज एक तिच्याकडून घ्यायची. पत्राच्या त्या एका वाक्यासाठी हे मी सांगतोय, आणि यात मी तडजोड करणार नाही.

आणि शनिवारची क्वार्टर बंद. कमी नाही, बंद. क्लोनाझेपाम आणि दारू दोन्ही श्वास मंदावतात, एकत्र पडल्या की झोपेतून उठवणं कठीण होईल इतका. दारू एरवीही मन खाली ओढते. रविवारी पहाटे तुम्हाला जी जाग येते ती बाकीच्या दिवसांपेक्षा वाईट असते की नाही, ते आठवून बघा.

आता मर्दानगीचं. ग्रुपमधला माणूस पूर्ण खोटं बोललेला नाही. त्याने अर्धं सांगितलं, आणि तेही ओरडून.

एस्सिटालोप्राम ज्या गटातली आहे त्या गटातल्या गोळ्यांनी पुष्कळ पुरुषांना शरीरसंबंधात फरक जाणवतो. हा दुर्मीळ दुष्परिणाम नाही आणि तो लपवण्यात काही अर्थ नाही. सगळ्यात जास्त आढळतं ते म्हणजे वीर्यपतनाला फार वेळ लागणं, किंवा शेवटपर्यंत पोचणंच न होणं. काहींची इच्छाच मंदावते, काहींना ताठरता टिकवायला त्रास होतो. कारण गूढ नाही. ही औषधं मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन जास्त वेळ टिकवून ठेवतात, त्याने मन सावरतं, आणि तेच रसायन त्या शेवटच्या क्षणाला ब्रेक लावतं. हा ब्रेक इतका खात्रीचा आहे की ज्यांना फार लवकर होतं त्यांच्यासाठी याच गटातली डॅपोक्सेटिन नावाची गोळी मुद्दाम वापरतात. ती मी काउंटरवरून कितीदा दिली असेल! आणि ती नेणारे पुरुष स्ट्रिप उलटी करत नाहीत.

हे झालं एक अर्धं. दुसरं असं की नैराश्य स्वतःच इच्छा खातं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण जूनपासून तुमचं ठीक चाललंय का? बहुधा नाही. पहाटे तीनला छत बघत पडलेल्या माणसाचं ठीक नसतं. म्हणून गोळी सुरू करण्याआधी आजचं जसं आहे तसं, कोणाला न दाखवता, एका कागदावर लिहून ठेवा. इच्छा किती, सकाळी आपोआप ताठरता येते का, त्रास कुठे आहे. दोन महिन्यांनी काही बदललं तर ते आजाराचं की गोळीचं, हे या कागदावाचून कोणालाच सांगता येणार नाही. हा कागद डॉक्टरांना दाखवला तर पुढची निम्मी चर्चा वाचते.

आणि त्रास झालाच तर वाटा आहेत. काहींचं शरीर काही आठवड्यांत जुळवून घेतं. काहींना मात्रा कमी करून चालतं. औषध बदलता येतं. बुप्रोपिऑन आणि मिर्टाझापिन या गोळ्या वेगळ्या पद्धतीने काम करतात आणि त्यांनी हा त्रास पुष्कळ कमी होतो. उलट याच गटातल्या पॅरोक्सेटिनने तो जास्त होतो. म्हणजे ‘नैराश्याची गोळी’ ही काही एकच गोळी नाही, आणि ‘मला या गोष्टीची सगळ्यात जास्त भीती वाटते’ हे पहिल्याच भेटीत सांगितलं तर डॉक्टर निवडतानाच त्याचा विचार करतात. कधी ताठरतेसाठी वेगळी गोळी जोडतात, पण ती तुमच्या हृदयाची आणि बाकीच्या औषधांची चौकशी करूनच. गाडीच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातींतल्या ‘ताकदीच्या’ कॅप्सूलच्या वाटेला मात्र जाऊ नका. अशा मालात नाव न सांगता हीच औषधं कालवलेली सापडली आहेत.

एक कडू गोष्टही सांगतो, कारण ती दुसऱ्या कोणाकडून अर्धवट ऐकलीत तर जास्त घाबराल. फार थोड्या लोकांमध्ये हा त्रास गोळी बंद केल्यावरही बराच काळ राहिल्याचं नोंदलं गेलंय. २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने ही सूचना या औषधांच्या माहितीपत्रकात घालायला लावली. असं कोणाला होईल ते आधी ओळखता येत नाही. हे माहीत असून मी तुम्हाला ‘बहुतेक घ्यावी लागेल’ असं म्हणतोय, कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ते एक वाक्य आहे, सरकवलेलं ताट आहे, आणि जूनपासूनची पहाट आहे.

मी स्वतः चौदा महिने अशी गोळी घेतली. २००८ साली धाकटा भाऊ गेला, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात एक दिवस मला दुकानातल्या मांडणीवर पॅरासिटामॉल कुठे आहे ते आठवेना. वीस वर्षं ती एकाच जागी होती. डॉक्टरांनी सर्ट्रालिन लिहून दिली. ती माझ्याच दुकानात, माझ्या खांद्याच्या उंचीवर होती, आणि मी ती उचलायला नऊ दिवस लावले. शेवटी सायनला जाऊन दुसऱ्याच्या दुकानातून आणली. स्ट्रिप उलटी करून घेतली. तीन आठवड्यांनी झोप आली, सहाव्या आठवड्यात भावाचा फोटो पुसता पुसता रडलो आणि बरं वाटलं. पण तुम्ही ज्याला घाबरताय तेही झालं. होतच नव्हतं, आणि मी काही बोललो नाही. बायकोला वाटलं, माझं तिच्यावरून मन उडालं. तिने तसं विचारलं नाही, नुसती कुशीवर वळून झोपायला लागली. डॉक्टरांना सांगायला मला दोन महिने लागले आणि सांगून व्हायला अर्धं मिनिट. त्यांनी मात्रा खाली आणली, महिन्याभरात पुष्कळ फरक पडला. त्या दोन महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं. गोळीचं नाही, माझ्या गप्प बसण्याचं.

म्हणून बायकोला सांगा. मला माहीत आहे, हे तुम्हाला गोळीपेक्षा अवघड वाटतंय. पण तिने गेले काही महिने तुमचं ओरडणं ऐकलंय, सरकवलेलं ताट उचललंय, आणि कारण तिला ठाऊक नाही. तिने स्वतःच काहीतरी कारण लावलेलं असणार, आणि ते बहुधा मुलाशी जोडलेलं असणार. आज-उद्याच भांडी घासून झाल्यावर, घरात कोणी नसताना, स्ट्रिप तिच्या हातात द्या. भाषण नको. ‘मला बरं नाहीये, डॉक्टरांनी ही दिलीय, मला भीती वाटते’ एवढं पुरे. तिला कळणं आणखी एका कारणासाठी गरजेचं आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काहींना अस्वस्थता वाढल्यासारखी होते, एका जागी बसवत नाही, आणि क्वचित वाईट विचारही जोर धरतात. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये हा धोका जास्त आढळतो आणि अमेरिकेत २००७ पासून चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी तसा ठळक इशारा औषधाच्या माहितीपत्रकात असतो. तुम्ही त्या वयाचे नाही, पण आधीपासून असा विचार येणाऱ्याने कोणत्याही वयात सावध राहावं. हे बाहेरच्या माणसाला आधी दिसतं, आपल्याला उशिरा.

मुलाचं. हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत, नुसता उल्लेख केलात. पण मला वाटतं कप्प्यातल्या स्ट्रिपचं खरं कारण हेच असावं. यावर जे ठाऊक आहे ते थोडं आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पस्तीस निरोगी पुरुषांना पाच आठवडे पॅरोक्सेटिन दिली, तेव्हा शुक्राणूंची संख्या आणि हालचाल फारशी बदलली नाही, पण त्यांच्यातल्या डीएनएचं तुटण्याचं प्रमाण वाढलं. ते पुरुष आजारी नव्हते आणि औषध तुमचं नव्हतं, त्यामुळे हे जसंच्या तसं तुम्हाला लागू करता येत नाही. बाप ही गोळी घेत होता म्हणून मुलात व्यंग आलं असं ठोस काही सापडलेलं नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे शरीर हा माल सतत नवा करत असतं. तेव्हा व्यवहाराची गोष्ट अशी की गोळी सुरू करण्याआधी वीर्याची तपासणी एकदा करून घ्या. काही दोष असलाच तर तो आधीचा होता हे कळेल आणि गोळीच्या नावावर पडणार नाही. तीन-चार महिन्यांनी हवी तर परत करा. आणि हे दोघांनी मिळून डॉक्टरांसमोर बोला. चार-सहा महिने प्रयत्न थांबवायचे की चालू ठेवायचे, हा निर्णय तुमच्या एकट्याच्या डब्याच्या पिशवीत राहू नये.

कंबरेच्या पेनकिलरचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांपैकी असेल तर एस्सिटालोप्रामबरोबर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, अॅसिडिटी असणाऱ्याने जास्तच जपावं. ट्रॅमाडॉल असलेली असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही, कारण दोन्ही मिळून सेरोटोनिन इतकं वाढवू शकतात की ताप, थरथर, घालमेल होऊन रुग्णालयात न्यावं लागतं. साधी पॅरासिटामॉल सहसा चालते. घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत भरून डॉक्टरांकडे न्या, आयुर्वेदिक आणि खोकल्याचीसुद्धा. काउंटरवर मला सगळ्यात जास्त मदत अशा पिशवीची व्हायची.

रक्ताच्या तपासण्या झाल्या का? थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर. थायरॉइड मंदावला तरी माणूस असाच खचतो, आणि त्याची गोळी वेगळी. बायकोला हेही विचारा की तुम्ही घोरता का, आणि घोरता घोरता मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का. तसं असेल तर झोपेचा आजार असू शकतो आणि क्लोनाझेपामने तो बिघडतो.

आजार सौम्य असेल तर नुसत्या समुपदेशनानेही पुष्कळांचं भागतं. गोळीचा खरा फरक दिसतो तो आजार मध्यम किंवा तीव्र असताना. तुमचं जे वर्णन आहे, कामावर परिणाम, घरावर परिणाम, आणि ते वाक्य, त्यावरून मला ते सौम्य वाटत नाही. पण गोळी आणि बोलणं ही काही एकमेकींची सवत नाहीत, दोन्ही बरोबर चालू शकतात. वसुलीचं काम हे रोज कोणाच्या तरी दारात जाऊन त्याच्या अडचणीकडे पाठ फिरवण्याचं काम आहे, ते कुठेतरी साठत असणार. खासगी फी परवडत नसेल तर परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचं नायर या पालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. सकाळी लवकर केसपेपरच्या रांगेत उभं राहावं लागतं, अर्धा दिवस जातो, पण तिथे बसलेल्या पुरुषांकडे बघून तुम्हाला ग्रुपपेक्षा वेगळं काहीतरी कळेल. ऑफिसला कळेल ही भीती असेल तर २०१७ च्या कायद्याप्रमाणे तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवणं हा तुमचा हक्क आहे.

गोळी सुरू झाल्यावर पहिले आठ-दहा दिवस मळमळ, डोकेदुखी, जुलाब, सारख्या जांभया, घाम यांपैकी काहीतरी होऊ शकतं. पोहे-उपमा खाऊन घेतली की मळमळ कमी होते. गुण यायला दोन ते चार आठवडे, पूर्ण कळायला सहा ते आठ. आमच्याकडे एक स्ट्रिप नेऊन दुसरी न्यायला न आलेली माणसं फार. दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारी. आणि त्यांच्याइतकीच दुसरी, तिसऱ्या महिन्यात ‘आता बरा आहे’ म्हणून सोडणारी. बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने तरी ती चालू ठेवायची असते, आणि मग डॉक्टरांच्या हाताने हळूहळू कमी करायची. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं वाटतं. यालाच लोक ‘लागली’ म्हणतात. पण हिची तलफ येत नाही, मात्राही आपोआप वाढत जात नाही. कमी करताना शरीर कुरकुर करतं, काहींचं जास्त आणि बरेच दिवस. काहींना घेत असताना मन बोथट झाल्यासारखं वाटतं, आनंद नाही आणि रडूही नाही. तसं झालं तर सांगा, तेही बदलता येतं.

वडिलांना तूर्त काही सांगू नका. त्यांनी तुमच्या भल्यासाठीच म्हटलंय, पण त्यांच्याशी वाद घालायची ताकद आज तुमच्यात नाही, आणि ती दुसऱ्या कामाला लागणार आहे.

उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा. आज रात्री आईला मामांचं विचारा. स्ट्रिप पिशवीतून काढा. गेले एकोणीस दिवस ती गरम डब्याला चिकटून गाडीच्या गर्दीत फिरतेय, औषध असं ठेवत नाहीत. डॉक्टरांना भेटून आलात की मला दोन ओळी लिहा. नाव नको. नुसतं ‘भांडुप’ लिहिलंत तरी मी ओळखेन.

तुमचा,
काका